मंगळवारचं आंदोलन

जगात कुठेही लोक रस्त्यावर उतरले की मला ते घरबसल्या कळतं. कुठे बाया भांडी बडवत निघतात, कुठे शेतकरी ट्रॉलीभर शेणखत मंत्र्याच्या दारात ओततात, कुठे कॉलेजची पोरं पुलावर ठाण मांडतात. मी सकाळचा चहा घेत सगळ्यांना पाठिंबा देतो. मोबाइलवर लाल बदाम दाबायचा, आवळलेल्या मुठीचं चित्र चार जणांना पाठवायचं आणि चहा गार झाला म्हणून बायकोवर चिडायचं, असा माझा लढा आहे.

आई शेजारी बसून बघते. भांडी बडवणाऱ्या बाया पाहून तिनं विचारलं, "गंजा-भांड्याले पोचे नाई पडत काय यायच्या?" मी तिला लोकशाही समजावून सांगितली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"ते समदं खरं," ती म्हणाली. "पन मायी बस कावून थांबत नाई, ते सांग."

बसचं असं झालं. आम्ही अमरावतीच्या टोकाला, अकोल्याच्या रस्त्यावर राहतो. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा थांब्याची शेड पाडली, आणि मग शेड नाही म्हणून बसही थांबेना. अकोल्यात आईची धाकटी बहीण असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून मावशी खाटेवर आहे, आणि दर मंगळवारी आई जाऊन तिचं डोकं धुऊन देते. सून बिचारी तयार असते, पण मावशी तिला केसांना हात लावू देत नाही. तीन मंगळवार हुकले होते. मावशी रोज फोनवर सांगायची, "बाई, डोकं लय खाजून राहिलं वं." फोन ठेवला की आई शिकेकाईची पुडी पिशवीतून काढून पुन्हा पिशवीत ठेवायची. मला ते बघवत नसे.

मी म्हटलं, माझ्या गाडीनं सोडतो. "तू सोडशीन, अन् मंग घडी पाहात बसशीन," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. ऑटोनं उलटं गावात, स्टँडवर जायलाही ती तयार नव्हती, कारण तीच बस पुन्हा आमच्या दारावरून जाते. येताना स्टँडवरून ऑटो करायला तिची हरकत नसे. जाताना मात्र तो अपमान.

शेजारचे काका कोर्टात कारकून होते. निवेदन लिहायचं म्हटलं की त्यांची तब्येत सुधारते. तीन निवेदनं गेली. तिन्हींची पोच मिळाली, थांबा मिळाला नाही. तेव्हा जगभरचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी रास्ता रोको सुचवला.

मंगळवारी सव्वानऊला आम्ही पंधरा जण जमलो. फलक मी लिहिला होता. त्यावर इतका मजकूर होता की तो वाचायलाच बसला थांबावं लागलं असतं. गतिरोधकापाशी बस हळू झाली, आम्ही आडवे आलो आणि बस थांबली. काकांनी घसा साफ करून निवेदन वाचायला घेतलं. ते "महोदय" म्हणेपर्यंत आई पिशवी घेऊन बसमध्ये चढलीसुद्धा.

"आजी, इथं थांबा नाई," कंडक्टर म्हणाला.

"थांबली तं हाये," असं म्हणून ती खिडकीपाशी जाऊन बसली.

जिच्यासाठी आंदोलन तीच निघून गेल्यावर आम्ही तरी काय करणार? बाजूला झालो. उरलेलं निवेदन काकांनी मला वाचून दाखवलं.

संध्याकाळी आई खुशीत परतली. "डोकं धुतलं, वेनी घातली. चांगलं हाये तुमचं आंदोलन. दर मंगळवारी करत जा."

पुढच्या मंगळवारी मी नऊपासून उभा. काकांचा रक्तदाब वाढला होता, कोणाकडे पाहुणे आले होते, कोणाला ड्युटी होती. उरलो मी आणि आई. घाईत फलकही घरी राहिला. आईच्या पिशवीत शिकेकाईची पुडी होती आणि ती माझ्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होती. परदेशातल्या कितीतरी लोकांना मी आजवर "मागे हटू नका" असं लिहून पाठवलंय. मी स्वतः मात्र रस्त्याच्या कडेपासून दोन पावलं मागेच उभा होतो. लग्नातसुद्धा मी पहिल्या पंगतीला बसत नाही. पण तिकडे मावशी केस मोकळे सोडून पडली असणार. बस दिसली तसे मी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

ब्रेक करकरले. डोळे उघडले तेव्हा बस माझ्यापासून हातभर होती आणि ड्रायव्हर माझ्या घराण्याविषयी बोलत होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे काहीतरी थांबलं होतं, आणि मला भरून आलं. एखादी घोषणा द्यावी असं वाटत होतं, पण एकट्यानं ती कशी देतात ते माहीत नव्हतं. म्हणून हात तसेच वर धरून मी उभा राहिलो.

तेवढ्यात खिडकीतून आईचा आवाज आला, "झालं न आता? सरक बाजूले. तुयी मावशी वाट पाहून राहिली."