आजोबांची दुपारची झोप आणि जठराचं दार

बाळांनो, जेवून आडवं व्हायची आजोबांची सवय तुम्हाला ठाऊक आहेच. एक वाजता जेवण, दीडच्या आत पलंग. निवृत्तीनंतरची त्यांची ही खरी कमाई. पण गेल्या हिवाळ्यात ते रोज तोंड कसनुसं करून उठू लागले. घशाशी आंबट यायचं, छातीत जळजळायचं.

गंगापूर रोडवरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कार्डिओग्राम काढला.

"हृदय ठणठणीत आहे, काका. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की सैल होतं, गेला की आवळतं. तुमचं थोडं ढिलं पडलंय. भरल्या पोटी आडवे झालात की आम्ल वर येतं."

"मग अन्न पटकन खाली का जात नाही?"

"जठराच्या खालच्या तोंडाशी दुसरं कडं आहे ना! ते थोडं थोडंच पुढे सोडतं. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. आणि झोपाल ते डाव्या कुशीवर."

आजोबांचा चेहरा पडला. "म्हणजे चारला झोपू? तेव्हा चहा असतो!"

चार दिवस ते खुर्चीतच पेंगले. मान लटकायची, पेपर गळून पडायचा. पाचव्या दिवशी म्हणाले, "अगं, मला साडेदहाला वाढशील?"

"साडेदहाला? अहो, तेव्हा माझी भाजीसुद्धा चिरून व्हायची असते."

"तुझं वेळापत्रक काय देवानं लिहून दिलंय?"

मला राग आला. मग भाजी चिरताना लक्षात आलं, एकची वेळ त्यांच्या ऑफिसातल्या डब्याची होती. ऑफिस सुटून किती वर्षं झाली, तरी मी घड्याळ बघून एकलाच ताट वाढत होते. कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी नऊलाच कुकर लावला. साडेदहाला दोघं पानावर बसलो.

"या वेळेला बालवाडीतली मुलं जेवतात," आजोबा म्हणाले.

"मग सांडू नका."

तीन तास त्यांनी कसेबसे काढले. शब्दकोडं सोडवलं, कुंड्यांना पाणी घातलं, दहा वेळा घड्याळ पाहिलं. दीडच्या ठोक्याला डाव्या कुशीवर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. चार वाजले तरी उठेनात. एरवी मी हाक मारली असती. त्या दिवशी चहाचं आधण न ठेवता मीही शेजारी लवंडले.