लक्ष्मीनं आणलेला चाकू

धर्माच्या चाकूचा खटका ढिला झाला होता. दोर कापताना जोर लावला की पातं मुठीत परत यायचं. उत्तनच्या धक्क्यावर त्याचं बोट एकदा थोडक्यात वाचलेलं त्याच्या बायकोनं, लक्ष्मीनं, डोळ्यांनी पाहिलं होतं.

"नवा घ्या की," ती म्हणायची.

"बापाच्या हातातला हाय. काय झालंय त्याला?"

त्याच वर्षी धर्मानं बोटीवर जीपीएसचं मशीन बसवलं होतं. चाकू मात्र बदलायचा नव्हता.

शेवटी भाईंदरच्या बाजारात मासळी विकून झाल्यावर लक्ष्मी स्वतःच हंसाबेनच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली. हंसाबेननं कात्री, बाटली उघडायचा आकडा असलं काय काय जोडलेला चकचकीत चाकू पुढे केला.

"ये सब नको बेन. खारे पानी में जाम होएगा."

दर्यावर हात कोरडा कुठला असायला? म्हणून तिनं हात ओला करून एकेक चाकू अंगठ्यानं उघडून पाहिला. पात्याची पाठ फळीवर दाबली. दोन चाकू तिथंच मिटले. तिसरा हलला नाही. साधा, जाड मुठीचा, दोरी ओवायला भोक असलेला. तिनं तोच घेतला आणि घरी येऊन त्यात नायलॉनची दोरी ओवली.

धर्मा तो हातात घेणार, इतक्यात त्याचा धाकटा भाऊ राघो हसला. "आता दर्यात काय न्यायचं ते वयनी सांगणार!"

धर्मानं चाकू फळीवर फेकला. "माझ्या हत्यारांत बाईनं हात घालायचा न्हाय."

पुढच्याच फेरीला जाळ्याचा दोर बोटीच्या पंख्यात गुंतला. धर्मा वाकून कापायला गेला, आणि पातं मिटलं. राघोनं बोट किनाऱ्याकडे फिरवली. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन बोटांची आशा सोडायला सांगितली.

माणसं बघायला येऊ लागली. शेजारची सुलू आली तेव्हा लक्ष्मी आत चहा करत होती. बाहेरून धर्माचा आवाज आला, "बायकोनं धारेची वस्तू घरात आणली, तवापासूनच अपशकून लागला बघ."

लक्ष्मीनं चहा तसाच ठेवला आणि दारात आली. "मी आणलेला फळीवर हाय. त्याला रगत लागलेलं न्हाय. तुमची बोटं तुमच्या बापाच्या चाकूनं नेली."

धर्मानं मान वळवली. सुलू चपला शोधू लागली.

त्यानंतर बोट राघोकडे गेली. धर्मा अंगणात बसून उरलेल्या बोटांनी जाळी विणू लागला, तीही धड जमेना. एका सकाळी धक्क्यावर लक्ष्मीला राघोच्या कमरेला नायलॉनची दोरी दिसली. फळीवरून त्यानं चाकू कधी उचलला, कुणाला विचारलं, काही पत्ता नव्हता.

"भारी चाकू हाय वयनी," तो म्हणाला. "हातात पक्का बसतो."

कालपर्यंत घरच्या असलेल्या त्याच बोटीतून उतरलेली मासळी विकत घ्यायला ती लिलावात इतर बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली.