बसून प्यायचा चहा

आमच्याकडं आषाढी एकादशीला बायका काहीतरी सोडतात. चातुर्मासाचा नेम. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं सोडतं, कोणी गादी सोडून चटईवर झोपतं. सोडायला मात्र बायकाच लागतात हां. पुरुष श्रावणात कोंबडी सोडतात ती पण तोंड वाकडं करून, आणि श्रावण कधी संपतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज बघत.

गेल्याच्या गेल्या वर्षी आम्ही सगळ्या देवळात बसलो होतो आणि जी ती आपलं सोडणं सांगत होती. चंद्राची पाळी आली. चंद्रा म्हणजे चंद्रावती, आमच्या जिते गावातली माझी शेजारीण. तिचा ओटा आणि माझा ओटा, मध्ये अळवाचा एक वाफा, एवढंच अंतर. ती म्हणाली, "सोडायला माझ्याकडं काय उरलंय गो? मी यंदा धरणार हाय."

"काय धरणार?"

"दुपारचा चहा. गरम, आणि बसून प्यायचा. कप संपेपर्यंत कोणी हाक मारली तरी उठायचं नाय."

बायका अशा हसल्या की पुजारी आतून डोकावला. मी पण हसले. पण मला ठाऊक होतं, ती थट्टा करत नव्हती.

तिचा चहा मी जन्मभर बघत आलेय. सगळ्या घराला ती चहा करून देणार, आणि तिचा स्वतःचा कप चुलीच्या कट्ट्यावर पडून राहणार. आतून सासू हाक मारणार, मागून नवरा विचारणार माझी चप्पल कुठाय, पुढून कोणीतरी वाल मागायला येणार. चहावर साय धरणार. मग ती उभ्या उभ्या, काढा प्यावा तसा एका दमात तो गार चहा घशाखाली ढकलणार. आम्ही दोघी दुपारी ओट्यावर वाल सोलतो. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायचं आणि सकाळी पेणच्या बाजारात न्यायचे. शहरातली माणसं या सोललेल्या वालांचं बिरडं आवडीने खातात, सोलायला मात्र कोणाला नको. सोलून सोलून बोटं काळी पडतात. त्या बोटांनी जरा गरम कप धरला तर कोणाचं काय जात होतं, सांगा!

ही चहाची ओढ तिच्या माहेरची. माहेर रोह्याचं. बाप कुंडलिकेच्या पुलाजवळ हातगाडीवर चहा आणि भजी विकायचा. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की पायरीवर टेकायचा, लेकीला शेजारी बसवायचा, आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून तिला द्यायचा आणि म्हणायचा, "सावकाश पी गो. कोण मागं लागलंय?" लग्न होऊन ती जित्याला आली आणि मागं लागणारे सगळे तिला इथं भेटले.

बाजारातून तिने निळ्या काठाची कपबशी आणली. घरात एवढंच सांगितलं, "दुपारची रोह्याची गाडी गेली की मी ओट्यावर बसून चहा पिणार. उठणार नाय. नेम हाय."

आता आमच्यात नेम म्हटला की झालं. दुसऱ्याच्या नेमात कोणी मोडता घालत नाय, कारण मोडला तर पाप मोडणाऱ्याच्या माथी. आणि तिची सासू, कृष्णाबाई, गुडघ्यांनी अधू पण जिभेने अजून तरणी, तिने उरलेलं स्वतःच जुळवून टाकलं. नातू हरेश कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. आज हाय, उद्या नाय. त्याला कायम करावं म्हणून आईने नेम धरला असणार! अख्ख्या आळीला म्हातारीने अभिमानाने सांगितलं.

चंद्रा मला म्हणाली, "शकू, मी असं काय बोलले नाय गो. त्यांनीच ठरवलं."

"मग ठरवू दे की. तू तोंड उघडू नको."

"पण खोटं नाय का ते?"

"तू बोललीस का काय? नाय ना? मग गप चहा पी."

काय सांगू, ते दोन महिने! गाडी शिट्टी मारून गेली की हरेशची बायको मनस्वी स्वतः कपबशी आणून चंद्राच्या हातात द्यायची. मनस्वी पोर गुणाची हाय, मला तिच्याबद्दल काय बोलायचं नाय. कृष्णाबाई तेवढा वेळ खोकला पण दाबून धरायची. चंद्राचा नवरा, आमचे कमळाकर भावजी, यांना लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःचा बनियन स्वतःला सापडला. आणि चंद्रा? खुर्चीवर टेकून, पाय लांब करून बसायची. चहा बशीत ओतायची, फुंकर मारायची आणि पिताना काय बाय सांगायची. रोह्याला पालखी दारात यायची तेव्हा बाप कसा फुकट चहा वाटायचा, आईच्या शिव्या कशा खायचा. कधी काय बोलायचीच नाय, नुसती अळवाच्या पानांवरचं पाणी बघत राहायची. तिच्या तोंडावरचा ताण उतरला होता. हसली की गालाला खळी पडते हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

एकदा मला म्हणाली, "कप रिकामा झाला तरी मी जरा वेळ हातात धरून ठेवते. फसवते त्यांना." आणि पोरीसारखी खुदकन हसली.

मग गौरी आल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. हरेशचे कामावरचे दोस्त जेवायला आले होते. दुपारी गाडी गेली, मनस्वीने कपबशी आणली. हरेश छाती फुगवून दोस्तांना म्हणाला, "आमची आय माझ्यासाठी नेम करते. मला कायम करावं म्हणून."

मी तिथंच होते. मी डोळ्यांनी खुणावलं, गप बस. पण त्या दिवशी ती खुशीत होती ना! आणि खोटं तिच्या अंगाला लागतच नाय. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवून हसत म्हणाली, "नाय रे बाबा. तुझ्यासाठी देवाकडं मी रोजच मागते. हा नेम माझ्यासाठी. मला बरं वाटतं म्हणून."

कृष्णाबाई आतून म्हणाली, "म्हंजे? मग देव कुठला ह्याच्यात?"

"बसायला देव कशाला पायजे, आत्याबाय?"

झालं! या एका वाक्याने तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. देवाचं नाव पुढं केलं असतं तर चारच काय, बारा महिने बसली असती आणि कोणाची हू की चू करायची हिंमत झाली नसती. पण बाई स्वतःसाठी बसते म्हणजे काय! बसूच कशी शकते!

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. मनस्वी कप घेऊन निघाली तर कृष्णाबाईने तिला दुसऱ्याच कामाला लावलं. चंद्राने आपला आपण आणला. पहिला घोट घेते न घेते तोच आतून हाक, "चंद्रे, पाणी दे गो." ती उठली नाय. परत हाक. परत. मग भावजींची, "अगो, ऐकू येत नाय काय?" ती बसून राहिली. मी म्हटलं, "बस तू, मी देते पाणी." तर म्हातारी मला म्हणते, "आमच्या घरात सून नाय काय, तू कशाला?" पुढच्या दिवशी चंद्रा दोन घोटांवर उठली. आणि मग तिचा कप पुन्हा चुलीच्या कट्ट्यावर गेला, वर साय धरायला.

इथवर ठीक होतं म्हणायची पाळी नंतर आली. दिवाळीच्या तोंडावर ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने जुनी पोरं घेतली नाय. हरेशबरोबर आणखी बरीच पोरं घरी बसली. आता त्या सगळ्यांच्या आया काय चहा पीत बसल्या होत्या? पण हे आमच्या आळीला कोण विचारणार! कृष्णाबाईने ओट्यावर बसून निकाल देऊन टाकला, "नेमाचं नाव घेऊन चहा ढोसला. देवाशी खेळ केला. भोगतोय माझा नातू." बाजारात पण बायका कुजबुजायला लागल्या. याच त्या बायका, देवळात हसलेल्या.

चंद्राने ते सगळं गिळलं. पण एका संध्याकाळी हरेश जेवता जेवता तिला म्हणाला, आवाज न चढवता, "आये, माझ्यासाठी केला असतास तर काय बिघडलं असतं गो?"

कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. मला हे तिने वाल सोलता सोलता सांगितलं आणि सांगताना सालं कुठली आणि दाणे कुठले तेच तिला दिसेना. सगळं एकत्र करून ठेवलं.

कार्तिकी एकादशी आली. चातुर्मास संपला. बाकी सगळ्या बायका सोडलेलं परत धरत होत्या. कोणाच्या घरात भरल्या वांग्याचा वास, कोणाच्या घरात कांदा. त्या दिवशी चंद्राने देवापुढं दिवा लावला आणि चहा सोडला. हरेश कायम होईपर्यंत.

मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, "अक्कल गहाण टाकलीस काय? पोराची नोकरी तुझ्या चहात हाय काय?"

"नाय गो. मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण त्याला वाटतं ना."

आणि मग बघा गंमत. हा नेम मात्र काय पाळला घराने! ज्या कृष्णाबाईला सुनेचा दोन घोटांचा चहा बघवत नव्हता, ती आता डोळ्यांत तेल घालून राखण करायला लागली. हळदीकुंकवाला कोणी कप पुढं केला की म्हातारी दुसऱ्या टोकावरून ओरडणार, "अगो, तिला नको, तिचा नेम हाय!" लग्नात, बारशात, सगळीकडं तेच. बायका कौतुकाने मान हलवायच्या. काय ती माया म्हणायच्या! निळ्या काठाची कपबशी फळीवर वर गेली.

चैत्रात हरेशला रोह्याच्या बाजूच्या एका कंपनीत घेतलं. कायम. पेढे वाटले. मी ते ऐकलं आणि अर्धा पेढा तोंडात तसाच ठेवून घरात पळाले. आलं ठेचून, दुधाचा, दाट चहा केला. तिच्या घरी जाऊन फळीवरची कपबशी काढली, धुतली, ओतली आणि सगळ्यांच्या देखत तिच्यापुढं धरली. "घे. फिटला नेम."

चंद्राने हात पुढं केले. खरंच केले हो, मी बघितले.

"थांब गो शकू," कृष्णाबाई म्हणाली. "या नेमाने मिळालंय. आज मोडला आणि उद्या काय बरंवाईट झालं, तर?"

भावजी खाली बघत बसले. मनस्वी म्हणाली, "आजी, पण नोकरी लागेपर्यंतच होता ना?" तिला म्हातारीने नजरेनेच गप्प केलं. मी हरेशकडं बघितलं. म्हटलं, तू बोल रे. तुझ्यासाठी सोडलाय, तू धर तिच्या तोंडाला. तो आईकडं बघत होता, कपाकडं बघत होता. घाबरला होता, दुसरं काय. मग म्हणाला, "आजी म्हणते तर राहू दे ना आये. तशी आता तुला सवय पण झालीय."

चंद्राने हात मागं घेतले आणि पदराला पुसले. ओले नव्हते तरी पुसले.

पावसाळ्यात आम्ही दोघी रोह्याला गेलो, तिच्या भावाकडं. भावजय गिरजाबाईने चहा टाकला. तिला नेमाचं ठाऊक नव्हतं. घरात आम्ही तिघीच. मी हळूच म्हटलं, "पी. इथं कोण बघतंय?" चंद्राने कप दोन्ही हातांत धरला. नाकाशी नेला. बराच वेळ वाफ घेत राहिली. मग माझ्या कपात ओतून टाकला.

"चंद्रे, देव एवढा कोता नाय गो," मी म्हटलं. मला रडूच फुटलं.

"देवाला कोण भितंय?" ती म्हणाली. "उद्या पोराचं काय झालं, तर तो परत तसंच विचारेल मला. ते ऐकायची ताकद माझ्यात नाय."

येताना पुलावर ती जराशी थांबली. बापाची हातगाडी असायची तिथं आता मोबाइलचं दुकान हाय. मग गाडीची वेळ झाली म्हणून मीच तिला ओढून आणली.

आता हरेश पहिल्या शिफ्टवरून येतो तेव्हा नेमकी ती दुपारची गाडी जाते. ओट्यावरची खुर्ची घेतो, पाय लांब करतो. कष्ट करून आलाय पोरगा, बसू दे, त्याला कोण नको म्हणतंय? चंद्रा त्याला चहा आणून देते. निळ्या काठाच्या कपात. कपबशी फळीवर नुसती पडून होती म्हणून मनस्वीने वापरायला काढली.

परवा मी वाल सोलत समोरच बसले होते. त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आये, साखर किती घातलीस गो?"

"चव बघता येत नाय ना रे बाबा. अंदाजाने घालते."

"मग अंदाज तरी नीट घे," तो म्हणाला. रागाने नाय, आपलं सहज.

ती वाल बाजूला ठेवून उठली, त्याच्या हातातून कप घेतला आणि दुसरा करायला आत गेली.