उमावहिनींची अन्नपूर्णा

गुलमंडीत मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो, ते व्यंकटराव कचेरीत कारकून होते. पोलिस ॲक्शननंतर कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली. घरातही बदल हवा म्हणून की काय, त्यांनी दुसरं लग्न ठरवलं. तेव्हा कायदा आड येत नव्हता आणि उमावहिनींना मूल झालं नव्हतं, एवढं कारण पुरलं.

वहिनी भांडल्या नाहीत. सिल्लोडला भावाकडं जायला तयार झाल्या. मागणं एकच: लग्नात आईनं दिलेली अन्नपूर्णा परत न्यायची. सासूबाई मनकर्णाबाई लगेच म्हणाल्या, ने बाई, नवी सून तिची आणेलच. घासायचा एक देव कमी.

वीतभर उंचीची ती पंचधातूची देवी. पिढ्यान् पिढ्या चिंचेनं घासून नाकडोळे झिजलेले, पळी धरलेला हात काडीएवढा उरलेला.

मग लग्नाआधी जुनी भांडी मोडीत घ्यायला बद्रीनाथ कासार आला. त्याची नजर देव्हाऱ्यावर गेली. हजारेक वर्षांची असंल, म्हणाला. हैदराबादेत अशा मूर्तींसाठी शौकीन लोक दारात उभे राहतात. त्या दुपारपासून मनकर्णाबाईंना धर्म आठवला. घरची देवी घराबाहेर कशी जाईल?

वहिनींनी जो हिशेब केला तो कुणीही केला असता. भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, घरात ठेवत नाहीत. मग तिला विचारतंय कोण? सासूबाई कीर्तनाला गेल्यावर त्यांनी खलातला बत्ता घेतला, देवीला नमस्कार केला आणि पळीचा हात मोडला.

संध्याकाळी सांगितलं, घासताना तुटला. नाहीतरी विसर्जनच करणार, तर मला द्या.

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. त्यांनी बद्रीनाथला बोलावून घेतलं. त्यानं मूर्ती उजेडात फिरवली आणि हसला.

"राव, इतकी जुनी अन् धडधाकट म्हटलं की लोकांना नकली वाटती. आता कुणी शंका घ्यायचं नाय. लई ब्येस झालं."

"वा सूनबाई," मनकर्णाबाई म्हणाल्या, "जाता जाता एक तरी काम नीट केलंस."

तुटलेला हातही बद्रीनाथला हवा होता. तो काही सापडेना.

सकाळी वहिनी टांग्यात बसल्या, तेव्हा मनकर्णाबाईंना त्यांची आवळलेली मूठ दिसली. त्या जवळ गेल्या आणि एकेक बोट उलगडू लागल्या.

"सोड गं. भंगलेलं काही जवळ ठेवू नये."

वहिनींनी मूठ उघडली, पळीचा हात सासूबाईंनी उचलून घेतला. टांगेवाल्यानं विचारलं, निघायचं का? वहिनींऐवजी व्यंकटरावच हो म्हणाले.