प्रोन्याकाकाची घसरगुंडी

प्रोन्याकाका माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्यानं आम्हाला फसवलं, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

आमचं गाव पार उत्तरेला, नदीकाठी. शाळा मोठ्या गावात, राहणंही तिथंच. शनिवारी दुपारी बर्फावरची घोड्याची गाडी आम्हाला घरी सोडायची आणि रविवारी जेवण घशाखाली उतरतंय तोवर परत न्यायला दारात उभी. मधल्या वेळात आम्हाला होतं काय? काकाची घसरगुंडी. ओंडक्याखाली दोन बोटं गेल्यापासून तो गावाचं न्हाणीघर तापवायचा. ना बायको, ना पोर. शनिवारी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या की उरलेलं पाणी काठाच्या उतारावर ओतायचा. सकाळी उतार काचेसारखा गुळगुळीत! सगळ्यांनी बसून घसरायचं, उभ्यानं फक्त काका सांगेल त्यानं.

त्या शनिवारी तो मला म्हणाला, "उल्ये, उद्या तू उभ्यानं. नाक फुटलं तर आजीला माझं नाव सांगायचं नाही हं!"

मी हवेतच होते. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि घरच्या चुलीतली राख आण जरा. वसंतात कांद्याच्या वाफ्याला लागेल."

मी धावत बादली भरून नेऊन दिली. आजीनं आजोबांचा फाटका कोट चुलीत घातला होता, त्याचं पितळी बटणही त्या राखेत होतं.

रविवारी सकाळी बघतो तर उतार वरपासून खालपर्यंत करडा. राखच राख.

"ही फेदोस्याचीच करणी!" ल्योव्का ओरडला. फेदोस्या म्हणजे वरच्या अंगाला राहणारी विधवा. आमच्या बर्फामुळे तिचे पाय मोडणार, असं रोज कुरकुरायची. आम्ही तिच्यासाठी बर्फाचे गोळे वळायला लागलो आणि मला राखेत ते बटण दिसलं.

ही तर आमच्याच चुलीतली राख! मी बटण उचलून मुठीत धरलं.

तेवढ्यात वरून फेदोस्या आली. हातात फडक्याखाली माशाची पोळी, पायात नवे बूट, आणि त्या राखेवरून कशी ठुमकत उतरली! खाली न्हाणीघराच्या दारात काका उभा. दाढी कातरलेली, अंगात धुतलेला सदरा.

"सावकाश गं, फेदोस्या." एवढा गोड आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

"घ्या! म्हातारा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय!" ल्योव्का म्हणाला. पोरं खिदळली. मला रडूच येत होतं.

मी काकासमोर बटण धरलं. "हे घे तुझ्या कांद्याचं बी."

त्याचे कान लाल झाले. "अगं, ती पडली असती तर... पुढच्या शनिवारी नवी करतो की. देवाशपथ."

दुपारी गाडी निघताना तो पोळीचा तुकडा घेऊन आला. मी तोंड फिरवलं.

"खोटं कशाला बोललास?"

"खरं सांगितलं असतं, तर राख आणली असतीस?"

"मुळीच नाही."

"म्हणून," तो म्हणाला, आणि दर रविवारी करायचा तसंच माझ्या पायांभोवती घोंगडं नीट खोचलं.

तरीही आठवडाभर मी त्याच्या शपथेवर विसंबून होते. शनिवारी गाडी थांबायच्या आत उडी मारून काठावर पळाले. उतारावर लाकडी पायऱ्या बसवलेल्या होत्या, आणि काका कठडा ठोकत होता.