साडूंची राज्यक्रांती

जगातल्या कुठल्याही देशात राज्य उलथलं, की त्याची पहिली खबर माझ्या साडूंना लागते आणि दुसरी त्या देशाच्या राजाला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माळशिरसला पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले आणि सोलापुरात आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. मी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. बंडं, तह, क्रांत्या, सगळं कारणं-परिणामांसकट फळ्यावर मांडलं, आणि मुलांनी मला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला, "सर, हे परीक्षेला येणार का?" साडूंनी इतिहासाचं एकही पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेलेलं नाही. पण सात रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीवर त्यांनी नुसतं "मग त्या फ्रान्सच्या राजानं काय केलं..." असं म्हटलं, की लोकांच्या हातातले चहा गार होतात आणि रिक्षावाले चालून आलेलं गिऱ्हाईक पुढच्या रिक्षाकडे पाठवतात.

राजेलोकांविषयी साडू असे बोलतात, जणू ते सगळे माळशिरसला त्यांच्या शेजारीच राहत होते. "राजा तसा वाईट न्हवता हो. पण खाली काय चाललंय ते त्याला कुणी सांगंना, आन् त्यो सोताहून जिना उतरंना." रशियाच्या झारावर आलेली वेळ सांगताना त्यांचे डोळे भरून येतात, आणि ते पुसायच्या आत झाराला हाकलणाऱ्या कामगारांसाठी त्यांची मूठ आवळलेली असते. बर्लिनची भिंत तर त्यांनी एकदा इतक्या जोरात पाडली, की टपरीवरची बिस्किटांची बरणी खाली आली. टपरीवाल्याने काचा गोळा करता करता विचारलं, "मग काका, पलीकडची माणसं आली का हिकडं?" मी मात्र ती भिंत महायुद्धाच्या आधीची नसून नंतरची, एवढंच नम्रपणे सुचवलं, तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ऐन सामन्यात टीव्ही बंद केला होता. घरी आलो तर बायकोही म्हणाली, "दाजी सांगतात तेव्हा इतिहास किती सोपा वाटतो, नाही?" त्या दिवशीच्या कडक भाकरीइतकं कडक मी जन्मात काही चावलं नसेल.

तरी माझं एक संस्थान शाबूत होतं. इमारत बांधल्यापासून मी तिथल्या कमिटीचा अध्यक्ष होतो, दरवर्षी बिनविरोध. फाटकाजवळच्या फलकावर माझं नाव होतं आणि जाता-येता मी ते वाचत असे. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. खालचे लोक मोटारी लावून भरून घेतात आणि वरच्यांच्या नळातून नुसती हवा येते. मी तळमजल्यावर राहतो. साडू एकदा म्हणाले, "सर, पाणी वर चढंना की." मी म्हणालो, "पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ." ते पुन्हा आले, तेव्हाही मी तेच म्हणालो. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. ते वरच्या मजल्यावरच्या बायकांना गच्चीत बसून फ्रान्सची गोष्ट सांगायला लागले.

मग एका सकाळी जिन्यावरून भांड्यांचा आवाज आला. वरच्या दोन्ही मजल्यांवरच्या बायका रिकाम्या कळशा घेऊन खाली उतरत होत्या आणि बहिणीला साथ द्यायला गेलेली माझी स्वतःची बायको सगळ्यांच्या पुढे होती. मागून साडू शांतपणे आले आणि म्हणाले, "राजवाड्यावर मोर्चा बायकांनीच न्हेला व्हता, सर. तितं पावासाठी, हितं पाण्यासाठी." मला संताप आला तो याचा, की या वेळी त्यांचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. हा धडा मी इतकी वर्षं शिकवला, आणि तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी बनियनवर होतो.

निवडणूक झाली. एका घराला एक मत. मी हात वर करायच्या आत आमच्या घरातून हात वर गेला होता, बांगड्यांसकट, साडूंच्या बाजूने. "घरात दोन माणसांत हुकूमशाही चालत नाही," एवढंच ती म्हणाली. साडू अध्यक्ष झाले आणि पहिल्याच आठवड्यात नियम केला, की वरच्या टाक्या भरल्याशिवाय खालच्या मोटारी चालू करायच्या नाहीत. पाणी चढलं. ते चढणार नाही अशी माझी फार आशा होती. फलक रंगवणारा आला तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

साल सरत आलं, तेव्हा एका दुपारी साडू माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला होता. पहिल्या मजल्यावरच्या म्हातारीने त्यांना काही सांगितलं होतं आणि ते तिला म्हणाले होते, "पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ." "सर, त्ये माज्याच तोंडातून आलं. मलाच भ्या वाटलं. तुमी शिकलेले हाय, सांगा मला. आपणहून खुर्ची सोडलेला राजा हाय का कुटं?"

इतक्या वर्षांत मला इतिहासातला परीक्षेबाहेरचा प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस होता. मी त्यांना रोमच्या एका सम्राटाची हकीकत सांगितली. त्याने राज्य सोडलं, समुद्राकाठी जाऊन कोबी लावला, आणि लोक परत बोलवायला आले तेव्हा म्हणाला, माझा कोबी एकदा बघा, मग मला राज्य घ्या म्हणणार नाही तुम्ही. साडू तोंड उघडं ठेवून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "जमीन कसली व्हती, काळी का मुरमाड?"

साडूंनी राजीनामा दिला. आता अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई आहेत आणि कारभार बरा चाललाय. परवा टपरीवर गेलो, तर साडू त्याच सम्राटाची गोष्ट सांगत होते. त्यांच्या सम्राटाला पहाटे उठून कोबीला पाणी घालायचं होतं, त्याची कंबर दुखत होती, आणि बोलवायला आलेल्या सरदारांना तो आधी बांधावर बसवून घेत होता. यातलं मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. जळफळाट तर झालाच. पण गर्दीच्या मागे मीही चहा धरून उभा होतो, आणि तो राजा आता परत जातो की काय, या काळजीने माझाही चहा गार झाला होता.