बायजाचं बोलणं, चंद्रावतीचं नाव

बायजाचं नाव मी बदललेलं नाही. तिची तशी सक्त ताकीद आहे. "माज्यावर लिवशील मास्तर, तर बायजाच लिव. दुसरं काय लिवलंस तर घरी येऊन बघते," असं तिनं रोह्यात आमच्याच ओट्यावर बसून मला बजावलंय. तिच्या टोपलीत तेव्हा खेकडे होते. ते तिच्यापेक्षा शांत होते.

बायजा खांबजवळच्या एका कातकरी वाडीत राहते. पावसाळ्यात रानभाज्या विकते, पाऊस ओसरला की नदीतले खेकडे आणि मासे विकते, मध्ये मिळेल त्या शेतावर मजुरी करते. राग मात्र बारमाही. तिच्याकडून भाजी घेताना भाव करायचा नसतो, कारण ती भाव सांगत नाही, बजावते. आमच्या हिनं एकदा "टाकळा जरा जून वाटतोय" असं म्हटलं, तर बायजा म्हणाली, "तू काय कवळी हाईस?" आणि जुडी परत टोपलीत टाकून निघून गेली. ती परत येईपर्यंत घरात टाकळा शिजला नाही. आली तेव्हा कोवळा टाकळा घेऊन आली, आणि तो का मिळत नाही यावर आम्हालाच ऐकवून गेली.

माहेर तिचं पेणच्या बाजूचं. लहानपण धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरावर राबणाऱ्या आईच्या मागे फिरण्यात गेलं. अजून बहिणीकडे जाते. मागे रामवाडीच्या नाक्यावर एका टमटमवाल्यानं सुक्या मासळीचा वास येतो म्हणून तिला खाली उतरवलं. बायजा उतरली. टोपली गाडीच्या पुढच्या चाकासमोर ठेवली आणि शेजारी मांडी घालून बसली. शेवटी आतल्या लोकांनीच टमटमवाल्याला समजावलं. तेव्हापासून तो तिला लांबून बघूनच गाडी थांबवतो.

तिचा नवरा मोतीराम फार बोलत नाही. दोघांच्या वाटणीचं ती बोलते. "इतकं चिडते, तुम्हाला त्रास होत नाही?" असं मी त्याला एकदा विचारलं. तो विडी विझवून म्हणाला, "चिडते तवा बरी असते. गप बसली का मना भ्या वाटतं."

आणि मध्यंतरी बायजा गप बसली होती.

झालं होतं असं. वाडी आणि नदी यांच्या मधला माळ सुभाषशेठनी घेतला. शेठ मुंबईचे, निसर्गप्रेमी. शुक्रवारी येतात, रविवारी जातात, मधल्या वेळात निसर्गावर प्रेम करतात. त्यांनी तिथं बंगला बांधला, पोहायचा तलाव केला, आणि सगळ्याला तारेचं कुंपण घातलं. वाडीची नदीवर जायची वाट त्या कुंपणात गेली. तिथं एक लोखंडी फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं, आणि कुलपाशेजारी नाथा नावाचा रखवालदार खुर्ची टाकून बसला. धुणं, अंघोळ, मासे, खेकडे, सगळ्यासाठी बायकांना, बायजाच्या सुनेलासुद्धा, आता हायवेवरून ट्रक चुकवत, लांबच्या पुलाखालून नदीवर उतरावं लागतं. बायजा आधी नाथाशी भांडली, मग शेठशी, मग ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीनं "बघू" म्हटलं. या एका शब्दावर आमच्याकडे कित्येक पिढ्या म्हाताऱ्या झाल्यात. मग बायजा गप बसली.

एक बाई मात्र त्या बंगल्यात रोज जात होती. चंद्रावती. बायजापासून तिसऱ्या घरात राहते. नवरा नाही, मुलगी पूजा पेणला वसतिगृहात राहून शिकते. चंद्रावती शेठकडे स्वयंपाक करते, शेठ नसतील तेव्हा बंगल्याची झाडलोट, आणि सगळ्या वाडीत बारमाही नोकरी म्हणावी अशी तेवढी एकच. गंमत बघा, तिच्या अंगणातून बंगल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. पण वाडीकडच्या फाटकाला कुलूप, म्हणून तीसुद्धा रोज हायवेला वळसा घालून पुढच्या दारानं कामाला जायची. बायजानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बोलायची ते असं: "तुज्या शेठला सांग गो, भाजीत मीठ कमी पडलं तर आमची आसवं हायत."

अशात मृणाली आली. मुंबईच्या कुठल्या विद्यापीठात समाजशास्त्राचं संशोधन करणारी मुलगी. हायवे आणि फार्महाउस आल्यावर गावांचं काय झालं, हा तिचा विषय. मुलगी चांगली. जमिनीवर बसायची, काळा चहा प्यायची, कुत्र्यांना नावानं हाक मारायची. बायजा तिच्यापुढे इतकी बोलली की मोतीराम खूष झाला. मृणालीनं तिला सांगितलं होतं, "मावशी, तुमचं नाव गुप्त राहील हं." बायजाला वाटलं, शहरातली माणसं निघताना असं काहीतरी गोड बोलत असतील, आपण नाही का "जेवून जा" म्हणत, तसं. ती "राहूदे राहूदे" म्हणाली.

मग यंदा जानेवारीत, वालाच्या शेंगा ऐन भरात असताना, निमंत्रण आलं: 'संशोधन लोकांच्या दारी'. लोकांकडून घेतलेलं ज्ञान लोकांना परत द्यायचं, असा विचार. विचार उत्तमच. फक्त दार लोकांचं नव्हतं. कार्यक्रम हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात होता, वाडीसाठी टेंपो पाठवला होता, आणि जेवण सुभाषशेठकडून होतं. म्हणून प्रमुख पाहुणेही सुभाषशेठ. हा हिशेब कोणाच्या डोक्यातून निघाला ते मला ठाऊक नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, त्यामुळे "निसर्गप्रेमी, दानशूर" वगैरे शब्द माझ्याच तोंडून गेले. बायजा पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती. मी पुढचे शब्द गिळले.

जेवण शेठचं म्हणजे अर्थात चंद्रावतीच्या हातचं. ती मागे भांड्यांपाशी उभी होती.

पडद्यावर फोटो सुरू झाले. वाडीचे, माणसांचे, पण सगळ्यांचे चेहरे धूसर केलेले. मी मंचाच्या कडेला उभा होतो. पहिल्या रांगेतला मोतीराम तिथवर सरकून कुजबुजला, "मास्तर, आमचीच तोंडं कशी पुसली? शेठच्या कुत्र्याचं तोंड तर झ्याक दिसतंय." मी म्हटलं, तुम्हाला कोणी ओळखू नये म्हणून. त्यानं मागे वळून भरलेल्या सभागृहाकडे पाहिलं. "आम्ही हितंच बसलोय ना पण."

मग कुलूपबंद फाटकाचा फोटो आला, आणि मृणालीनं वाचायला सुरुवात केली.

"चंद्रावती म्हणतात: शेठ मोटा देवमाणूस. मोराला दाणे घालतो, माशांना पीठ घालतो, आन माणसांना कुलूप घालतो. त्याच्या टाकीत पाणी नुसतं निळं होऊन पडलंय, आन माजी सून ट्रकच्या चाकाखालून जीव वाचवत धुणं नेते. कवातरी कोणतरी मरल, मग उघडशील काय रं फाटक?"

पहिल्या वाक्याला वाडी हसली, कारण ही जीभ कोणाची ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मग हळूहळू हसू थांबलं. चंद्रावती?

पडद्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नावे बदललेली आहेत'. ती मुंगी कोणाला दिसली नाही. मृणालीनं पुढे मला सांगितलं, चंद्रावती हे तिच्या आजीचं नाव. आता असं नाव कोणाचं असणार, म्हणून निर्धास्तपणे घातलं. ती वाडीत यायची दिवसा, आणि खरी चंद्रावती दिवसा बंगल्यात, त्यामुळे दोघींची गाठच पडली नव्हती. मुंबईत नाव नुसतं हवेतून उचलता येतं. वाडीत प्रत्येक नावाला मालक असतो, आणि तो बहुधा मागे उभा असतो.

सुभाषशेठ मंचावरच्या खुर्चीत सावकाश वळले. आवाज न चढवता, हसत म्हणाले, "चंद्रा, उद्यापासून नको येऊस हं. आमचा इतका त्रास होतो तुला, मला माहीतच नव्हतं."

चंद्रावतीच्या हातात वरणाचा डाव होता. ती म्हणाली, "शेठ, मी कवा..." तिच्या डोळ्यांपुढे पेणचं वसतिगृह उभं राहिलं असणार. मृणाली पांढरीफटक पडली. "नाही नाही, सर, या त्या नाहीत! नाव बदललंय!"

"मग कोण?" शेठनी विचारलं.

मृणालीनं मंचावर बसलेल्या तिच्या प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "आम्ही ते उघड करू शकत नाही. संशोधनाची नीती आहे."

मला संताप आला तो तिथं. नीती चोख होती. मोतीरामचं तोंड वाचलं, विद्यापीठाचा शब्द वाचला, फक्त एका बाईची चूल विझायला आली होती, आणि मंचावर आम्ही सगळे सुशिक्षित आपापल्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघत बसलो होतो.

बायजा उठली. माझ्या हातातून तिनं माइक घेतला. घेतला म्हणजे ओढला.

"ए पोरी," ती मृणालीला म्हणाली, "तुला मी काय बोल्ले? लपव बोल्ले? मी ग्रामपंचायतीत बोल्ले, फाटकावर बोल्ले, ह्याच्या तोंडावर बोल्ले. माजं बोलणं काय चोरीचं हाय?"

"मावशी, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"मना व्हायचा तो तरास उचलून हिच्या घरात टाकलास! आमी अंगणातला कचरा पन शेजारणीच्या दारात लोटत नाय गो!"

मृणाली रडायला लागली. बायजा आणखी चिडली. "रडू नको. रडून फाटक उघडत नाय, मी बघितलंय." मग ती शेठकडे वळली. "मी बोल्ले. बायजा मोतीराम. आन पोरीनं निम्मंच लिवलंय, उरल्यालं आता ऐक." आणि तिनं उरलेलं ऐकवलं. ते इथं छापता येण्यासारखं नाही. शिव्यांच्या चाली मात्र सुंदर होत्या.

सभागृहात शिट्टी वाजली. शेठ रुमालानं मान पुसत होते. त्यांना एकदम आठवलं, की उद्या रविवार आहे आणि मुंबईहून पाहुणे येणार आहेत, ते पोपटीसाठी. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी मडक्यात भरायची, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आत काय चाललंय ते दिसत नाही, नुसत्या वासावरून ओळखायचं. चंद्रावती ओळखते. दुसऱ्या कोणी केलं की एकतर शेंगा कच्च्या, नाहीतर कोळसा.

"बरं, बरं," शेठ म्हणाले, "म्हणजे आमचा गैरसमज झाला. चंद्रा, उद्या ये तू. विसरून जाऊ."

"आन वाट?" बायजा ओरडली.

"तू गप गो!" हा आवाज चंद्रावतीचा होता. सगळे मागे वळले. "माजी नोकरी गेली तवा मना कोणी इचारलं नाय, परत आली तवाबी नाय. आता मी बोलते." डाव हातातच होता. तो शेठच्या दिशेनं रोखून ती म्हणाली, "येते मी उद्या. पन वाडीकडच्या फाटकानं येते. रोज मी त्याच फाटकानं येनार. उघडं नसलं तर माघारी जाते, मडकं तुमीच लावा."

शेठनी मंचाकडे पाहिलं. प्राध्यापक बाटलीकडे बघत होते. "ठीक आहे," शेठ म्हणाले. "चंद्रासाठी उघडायला सांगतो."

'चंद्रासाठी' या शब्दावर त्यांनी जरा जास्त जोर दिला. बायजानं तो ऐकला. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती, कारण ती काही न बोलता खाली बसली. आभारप्रदर्शन मी कसंबसं उरकलं.

पुढचं मला खुद्द नाथा रखवालदारानं सांगितलं. सकाळी त्यानं फाटकाचं कुलूप काढलं. चंद्रावती आत आली आणि स्वयंपाकघराकडे गेली. नाथा फाटक लोटायला लागला, तर मध्ये एक पाय आला. पायामागे बायजा, डोक्यावर धुण्याचं गाठोडं, काखेत खेकड्यांची टोपली. तिच्या मागे सून, सुनेच्या मागे वाडीतल्या यच्चयावत बायका.

"मावशे, तू नको," नाथा काकुळतीला आला. "शेठ फकस्त चंद्रावतीला सोड बोलले."

"मग सरक," बायजा म्हणाली. "मीच चंद्रावती. पडद्यावर दाखवलं काल, तुज्या शेठनं बघितलं. ईद्यापीठानं लिवलंय ते काय खोटं हाय?"

आणि नाथा विचार करत उभा राहिला तेवढ्यात ती नदीच्या उतारावर पोचलीसुद्धा, मागे वळून ओरडत, की फाटकाला तेल घाल मेल्या, कुरकुरतंय किती.